फेलिक्स मास्तरांचे सहा शेअर

सन अठराशे चौसष्टच्या दिवाळीनंतर ठाण्याच्या सरकारी इंग्रजी शाळेत वरून एक हुकूम आला. येत्या परीक्षेला वरच्या वर्गातल्या मुलांना व्यापारउदिमाच्या पन्नास इंग्रजी शब्दांचे मराठी अर्थ आले पाहिजेत, असं त्यात होतं. हेडमास्तरांनी हुकूम वाचला, त्याची घडी घातली आणि ती फेलिक्स मास्तरांच्या टेबलावर ठेवली. शाळेत नको असलेलं काहीही आलं की ते याच टेबलावर येई. आदल्या वर्षी एक मेलेलं कबूतरही आलं होतं.

फेलिक्स मास्तरांचा पगार पंचवीस रुपये, इंग्रजी अक्षर मोत्यासारखं, आणि स्वतःविषयीचं मत अक्षराहून चांगलं. व्यापाराशी त्यांचा संबंध शुक्रवारच्या मासळीपुरता. तीही त्यांची बायको सेसिलिया घेई. मास्तर शेजारी उभे राहून भाव फार आहे एवढं म्हणत.

त्यांनी शाळेतला जाडजूड कोश काढला आणि एका दुपारीत पन्नास शब्द निकालात काढले. कोशात जो अर्थ पहिला, तो यांनी उतरवला. त्यामुळे कॅपिटल म्हणजे राजधानी झाली, बँक म्हणजे नदीचा काठ, इंटरेस्ट म्हणजे गोडी, बॉण्ड म्हणजे बेडी आणि कॉल म्हणजे हाक. मुलांनी घोकून घोकून शाळेचं छप्पर हलवलं. मग एका सोमवारी मास्तरांनी फळ्यावर इंग्रजीत एक सोपं वाक्य लिहिलं, की एका व्यापाऱ्याने पेढीत आपलं भांडवल घालवलं. पहिल्या बाकावरचा हुशार मुलगा उठला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "एका व्यापाऱ्याची राजधानी नदीच्या काठी हरवली."

यात काहीतरी चुकतंय हे मास्तरांना कळलं. नक्की काय, ते कळेना.

त्या शुक्रवारी चेंदणीची दगडाबाई पाटी घेऊन दारात आली तेव्हा मास्तरांनी तिला सहज विचारल्यासारखं विचारलं, की रोज पहाटे होडीवर मासळी घ्यायला तू जे पैसे नेतेस, त्याला काय म्हणतेस? दगडाबाई चाळिशीची कोळीण. नवरा वारलेला, तरी दीर-नणंदांना धाकात ठेवणारी. तिने मास्तरांकडे असं पाहिलं, जसं शिळ्या बोंबिलाकडे पाहावं.

"भांडवल म्हनतंव. संध्याकाली जे परत कनवटीला येतं ते भांडवल. येत नाय तो खर्च."

मास्तरांनी मान डोलावली आणि हे कुठेही लिहून घेतलं नाही. सरकारी वहीत कोळणीचं वाक्य शोभणार नव्हतं. राजधानी खोडून त्यांनी तिथे 'मूलधन' लिहिलं आणि विषय संपवला.

तो संपला असता तर बरं झालं असतं. पण डिसेंबरात मुंबईहून युजीन आला.

युजीन हा सेसिलियाचा धाकटा भाऊ. आई लवकर गेली म्हणून बहिणीनेच त्याला वाढवलेलं. कळव्याच्या बाजूला बापाचं मिठागर होतं, त्यात दोघांचा निम्मा निम्मा वाटा. पण युजीनला मिठात पाय घालायची लाज वाटे, म्हणून तो फोर्टात एका दलालाकडे कारकून होता. मागच्या खेपेला तो आला तेव्हा त्याच्या चपलेला दोरी बांधलेली होती. या वेळी पायात आरशासारखे विलायती बूट होते, आणि खिशात सोन्याचं घड्याळ. घड्याळ बंद होतं, पण सोन्याचं होतं.

जेवताना त्याने सगळं समजावून सांगितलं. अमेरिकेत दोन भाऊ भांडतायत, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, म्हणून आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला आहे. मुंबईत पैसा इतका झालाय की ठेवायला जागा नाही. मग लोक कंपन्या काढतायत. समुद्र भरायची कंपनी, भरलेल्या जमिनीवर वखारी बांधायची कंपनी, त्या वखारींना कर्ज द्यायची कंपनी. आणि आता ठाण्याची पाळी होती. ठाणे खाडी भराव, गोदी आणि वखार कंपनी. कळव्यापासून पार मुंब्र्यापर्यंत खाडी भरायची, आणि त्यावर कापसाच्या गाठी ठेवायच्या.

त्याने शेअरचा कागद काढून दाखवला. कागद जाड, कडेला वेलबुट्टी, मधोमध ठाण्याच्या खाडीचं चित्र. चित्रात आगबोट होती, घुमटाची इमारत होती आणि किनाऱ्यावर एक उंट होता. चित्र काढणारा ठाण्याला कधी आला नसावा.

"एक शेअर पाचशेचा," युजीन म्हणाला. "पण आत्ता भरायचे फक्त पन्नास."

"आणि वरचे साडेचारशे?" सेसिलियाने विचारलं.

"ते लागले तर कंपनी कॉल करील. पण लागतच नाहीत, बाय. त्याआधी भाव इतका चढतो की माणूस विकून मोकळा."

"कॉल म्हणजे काय?"

युजीन भावोजींकडे पाहू लागला, कारण खरं तर त्यालाही नीट सांगता येत नव्हतं. फेलिक्स मास्तरांना अशी संधी घरात क्वचित मिळे. त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "कॉल म्हणजे हाक," ते म्हणाले. "कंपनी हाक मारील. ओ द्यायची की नाही, ते आपल्यावर."

सेसिलियाकडे मिठाच्या उत्पन्नातून नऊ वर्षं साठवलेले तीनशे रुपये होते, पत्र्याच्या डब्यात, तांदळाखाली. ती दोन दिवस विचार करत राहिली. तिसऱ्या दिवशी तिने डबा काढला, पण एक अट घातली. भाव दुप्पट झाला की त्याच दिवशी विकायचं. मास्तरांनी गळ्यातल्या क्रुसावर हात ठेवून कबूल केलं. अशा रीतीने ते सहा शेअरचे धनी झाले.

युजीनची आणखी एक योजना होती. ठाण्यात त्याला कोणी ओळखत नव्हतं, आणि जे ओळखत ते उधार देत नव्हते. पण मास्तरांचा शब्द गावात चालत होता. मास्तरांनी लोकांना शेअर घ्यायला लावले तर दर दहा शेअरांमागे एक शेअर त्यांना फुकट. मास्तरांनी आपल्या पन्नास शब्दांची वही बगलेत मारली आणि ते घरोघर फिरू लागले. प्रीमियम, डिव्हिडंड, डायरेक्टर असे शब्द ते इतक्या सहजपणे टाकत की ऐकणाऱ्याला न समजण्याचीच लाज वाटे. हेडमास्तरांनी पाच घेतले. पोस्टमास्तरांनी तीन. कोर्टाच्या बेलिफाने चार घेतले आणि बायकोला सांगितलं नाही. बायकोने दोन घेतले आणि बेलिफाला सांगितलं नाही. बाजारपेठेतल्या दोन दुकानदारांनी मिळून सात घेतले. शाळेच्या शिपायाने एक घेतला. चर्चची घंटा वाजवणाऱ्या ऑस्वल्डनेही एक घेतला, कारण मास्तर दर रविवारी पुढच्या बाकावर बसत.

चेंदणीत मात्र जरा जड गेलं. कोळी जमले, कागद हातोहात फिरला. दगडाबाईचा दीर दामाजी कोळीवाड्यात शहाणा म्हणून नावाजलेला. तो बराच वेळ चित्र पाहत राहिला, आणि हा उंट कशाला, एवढंच त्याने विचारलं. मास्तर म्हणाले, माल वाहायला. दगडाबाईचा प्रश्न दुसराच होता.

"खाडी भरलीत, तर भरतीचं पानी कुटं जानार?"

मास्तर म्हणाले, त्याचा विचार इंजिनिअर करतील.

"पानी इंजिनेराला इचारून येत नाय," असं म्हणून ती उठली आणि बाकीच्यांना घेऊन गेली. मागे एकटा दामाजी राहिला. मोठ्या वहिनीने नको म्हटलेली वस्तू घ्यायची त्याला लहानपणापासून हौस. वर्षभराच्या सुकटीचे साठवलेले पन्नास रुपये त्याने मोजून दिले, प्रत्येक रुपया दगडावर वाजवून, जणू तो देत नसून घेत होता.

दगडाबाईने शेअर घेतला नाही, पण कंपनीशी तिने धंदा केला. खाडी मोजायला मुंबईहून माणसं आली तेव्हा त्यांना होड्या लागल्या. होड्या तिने दिल्या, रोजचं भाडं रोज, तेही आगाऊ. माणसांनी खाडीत एकशेऐंशी सागवानी खुंट ठोकले, भराव कुठवर घालायचा त्याच्या खुणेसाठी. माणसं गेल्यावर दुसऱ्याच दिवशी कोळ्यांनी खुंटांना डोल जाळी बांधली. इतके सरळ आणि मजबूत खुंट चेंदणीला कधी मिळाले नव्हते. त्या हंगामात कोलंबी इतकी पडली की शुक्रवारी मास्तरांनाही भाव फार आहे असं म्हणता आलं नाही.

जानेवारीत शेअरचा भाव शंभरावर गेला. सेसिलियाने मास्तरांना अटीची आठवण करून दिली. मास्तर म्हणाले, अजून आठवडाभर थांबू. आठवड्याने एकशे तीस झाला. आता विकणं म्हणजे वेडेपणा, ते म्हणाले. चढत्या भावाला कोण विकतो? फेब्रुवारीत भाव एकशे पंचाहत्तर झाला, आणि मास्तरांनी कागदावर हिशेब मांडला. सहा शेअरांचे हजाराच्या वर, म्हणजे साडेतीन वर्षांचा पगार. हात न हलवता, एका उंटाच्या चित्रावर. त्यांनी उधारीवर एक नवा कोट शिवला आणि हातांची खुर्ची आणली. संध्याकाळी ते त्या खुर्चीत बसत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला भाव सांगत.

सेसिलिया पुन्हा म्हणाली, विका. मास्तर म्हणाले, तुला इकॉनॉमी कळत नाही. ती म्हणाली, मला माझा डबा कळतो. यावर मास्तरांनी खुर्ची जरा बाजूला वळवली.

परीक्षेला डिपुटी साहेब आले तेव्हा मास्तरांची मुलं पोपटासारखी बोलली. क्रेडिट म्हणजे पत, डेट म्हणजे ऋण, कॉल म्हणजे हाक. साहेबांना हाक जराशी खटकलीसं वाटलं, पण त्यांनी पुढचा शब्द विचारला. परीक्षा झाल्यावर त्यांनी मास्तरांना बाहेर व्हरांड्यात नेलं, इकडेतिकडे पाहिलं, आणि आवाज खाली आणून विचारलं, की त्या खाडीच्या कंपनीचे दोनचार जुन्या भावाने मिळतील का. युजीनने त्यांच्यासाठी चार काढून दिले. मास्तरांचा पगार तीन रुपयांनी वाढला.

मास्तरांचे सहा धरून ठाण्यात अकरा जणांकडे चौतीस शेअर झाले. मास्तरांना फुकट मिळायचे ते दोन 'पुढच्या खेपेला' येणार होते.

मे महिन्यात बातमी आली की अमेरिकेतले भाऊ भांडून थकले आणि लढाई थांबली. चर्चमध्ये शांततेसाठी प्रार्थना झाली. फेलिक्स मास्तरांनी डोळे मिटून आमेन म्हटलं, कारण त्यात त्यांचं काय जाणार आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. कापूस निम्म्यावर आला, मग त्याच्या निम्म्यावर. एकशे पंचाहत्तरचा शेअर मेअखेर साठावर आला, जूनमध्ये बारावर, आणि एक जुलैला मुंबईतले मोठमोठे सावकार दिवाळखोर झाले, तेव्हा भावच राहिला नाही. युजीनची पत्रं यायची थांबली. मास्तर अजूनही खुर्चीत बसत, पण दारात नाही, मागच्या अंगणात, कोंबड्यांमध्ये.

पैसे बुडाले हे सोसता आलं असतं. पण ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पोस्टमास्तर वर्तमानपत्र घेऊन शाळेत आले. पत्रात कंपनीची नोटीस छापली होती. कंपनीवर फार कर्ज झालं आहे, सबब कंपनीच्या नोंदवहीत ज्यांची नावं आहेत त्यांनी दर शेअरामागे दीडशे रुपयांचा कॉल महिन्याच्या आत भरावा, न भरल्यास कोर्टातून घरदार जप्त करून वसूल केला जाईल.

"हाक ना ही?" पोस्टमास्तर म्हणाले. "मग मी ओ देत नाही म्हटलं तर चालेल ना, मास्तर?"

मास्तरांनी नोटीस तीनदा वाचली. सहा शेअर, नऊशे रुपये. हातात पगाराचे चौदा. आणि त्यांच्या शब्दावर घेतलेले बाकीचे अठ्ठावीस. दुपारपर्यंत गावात बातमी पसरली आणि एकेकजण त्यांच्या दाराशी येऊ लागला. बेलिफ आला आणि मागोमाग बायको आली. दोघांना एकमेकांचे शेअर तिथेच मास्तरांच्या ओट्यावर कळले. शिपाई नुसता खाली बसला. त्याचं घर म्हणजे एक झोपडी, दीडशे रुपये त्याने एकत्र कधी पाहिलेच नव्हते. ते त्याचं बसणं मास्तरांना शिव्यांपेक्षा लागलं.

सेसिलियानेही शिव्या दिल्या नाहीत. तिने चार दिवस फक्त 'जेवा' एवढाच शब्द उच्चारला. पाचव्या दिवशी ती म्हणाली, "युजीन कल्याणला आहे. क्लारा मावशीकडे. मला कळलंय." मग थोडं थांबून, "मारू नका त्याला फार."

मास्तर निघाले तेव्हा दामाजी आधीच स्टेशनावर उभा होता. मास्तर एकटे गेले तर परत येतील कशावरून, अशी गावात कुजबूज होती, म्हणून गावाने दामाजीला सोबत दिलं होतं. दामाजीने हे लपवलं नाही. गाडीत तो खिडकीशी बसला. पुलावरून खाडी लागली तेव्हा त्याने पाण्यातले खुंट मोजले आणि सगळे जागेवर आहेत याचं समाधान मानलं.

क्लारा मावशीचा नवरा इंजिनात कोळसा घालायचा, त्यामुळे घर स्टेशनाजवळच होतं. मावशी म्हणाली, युजीनला सणकून ताप आहे. युजीन गोधडीत डोक्यापर्यंत गुरफटून पडला होता. खाली विलायती बूट होते, आणि गोधडीच्या टोकातून पायमोजे दिसत होते. तापाचा माणूस पायमोजे घालून झोपत नाही हे आधी दामाजीच्या लक्षात आलं. त्याने गोधडी ओढली.

मग सगळं बाहेर आलं. युजीनने ठाण्याचे सतराशे रुपये कंपनीत कधी भरलेच नव्हते. शेअरांचे कोरे कागद त्याने दलालाच्या कपाटातून आणले होते आणि त्यावर नावं स्वतःच लिहिली होती. पैसे त्याने दुसऱ्या एका कंपनीच्या शेअरांत लावले होते. भाव चढला की नफा घ्यायचा, ठाण्याचे पैसे गुपचूप भरायचे, कोणाला कळायचं नाही, असा बेत. त्या कंपनीचा तर आता पत्ताही नव्हता.

फेलिक्स मास्तरांनी आयुष्यात कधी मोठ्या माणसाला मारलं नव्हतं, मुलांना मात्र भरपूर. हात आपोआप उठला. तो वर असतानाच त्यांच्या डोक्यात नोटिशीतले शब्द पुन्हा उमटले. कंपनीच्या नोंदवहीत ज्यांची नावं आहेत त्यांनी.

"थांब," ते म्हणाले. थांबायचं त्यांनाच होतं. "कंपनीच्या वहीत आमची नावं घातलीस का?"

"नाही, भावोजी. माफ करा."

"एकही नाही? ऑस्वल्डचं? शिपायाचं?"

"एकही नाही. देवाशपथ."

मास्तर खाटेवर त्याच्या शेजारी बसले. त्यांना हसू येत होतं आणि ते दाबता येत नव्हतं. दामाजीला वाटलं, मास्तरांचं डोकं फिरलं. मग मास्तरांनी त्याला उलगडून सांगितलं, सावकाश, वहीतला एकही शब्द न वापरता. या चोराने आपले पैसे खाल्ले म्हणून आपण कंपनीचे भागीदारच झालो नाही. भागीदार नाही, तर कॉल नाही. हा प्रामाणिक निघाला असता तर आज आपली घरं गेली असती. दामाजीने हे दोनदा समजून घेतलं आणि मग युजीनकडे जरा आदराने पाहिलं.

पण शपथेवर कोण विश्वास ठेवणार, तीही युजीनच्या. दोघे तसेच मुंबईला गेले. कंपनीची कचेरी फोर्टातल्या एका माडीवर होती. खुर्च्या बहुतेक विकल्या गेल्या होत्या, आणि एक कारकून खोक्यावर बसून पान खात होता. मास्तरांनी भागीदारांची नोंदवही पाहायला मागितली.

"आपण भागीदार?" कारकुनाने विचारलं. "भागीदारांना फुकट दाखवतो. इतरांना एक रुपया पडेल."

फेलिक्स मास्तरांनी खिशातून रुपया काढला आणि त्याच्यापुढे ठेवला. पगारातून गेलेल्या पैशांत इतक्या आनंदाने गेलेला दुसरा रुपया त्यांना पुढेही कधी आठवला नाही. नोंदवही जाड होती. त्यांनी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत प्रत्येक नाव बोटाने पाहिलं. हेडमास्तर नव्हते, पोस्टमास्तर नव्हते, डिपुटी साहेब नव्हते. फेलिक्सच्या जागी दुसरा कोणी फेलिक्स होता, माहीमचा, आणि मास्तरांनी मनातल्या मनात त्याच्यासाठी प्रार्थना केली. दामाजीला वाचता येत नव्हतं, पण तोही शेजारी उभा राहून पानं बघत होता. वही मिटल्यावर त्याने विचारलं, "मी नाय ना त्यात?" मास्तर म्हणाले, "तू कुठेच नाहीस, दामाजी."

ठाण्याला परतल्यावर शाळेच्या मागच्या खोलीत डिपुटी साहेब सोडून बाकीचे दहा जण जमले. मास्तरांनी उभं राहून सांगितलं, की आपण सगळे पुरते फसवले गेलो आहोत, त्याबद्दल परमेश्वराचे आभार. हेडमास्तर संतापले. त्यांचे अडीचशे गेले होते, आणि त्यांना युजीनवर कोर्टात जायचं होतं. मास्तरांनी त्यांना शांतपणे विचारलं, की कोर्टात आपण काय शाबीत करणार? मी शेअर घेतला, पैसे दिले, मी भागीदार आहे, हेच ना? ते शाबीत झालं तर कंपनी म्हणेल, या बसा, पाच शेअरांचे साडेसातशे टाका. हेडमास्तर पुन्हा खाली बसले. थोड्या वेळाने त्यांनी आपला शेअरचा कागद काढला आणि चार तुकडे करून खिडकीबाहेर टाकला. बाकीच्यांनीही तेच केलं. त्या आठवड्यात शाळेच्या मागे बकऱ्यांनी बरेच उंट खाल्ले. डिपुटी साहेबांकडून पुढे कधी चौकशी आली नाही. पन्नास शब्दांचा हुकूमही पुढच्या वर्षी आला नाही.

युजीनचा निकाल सेसिलियाने लावला. कोर्ट नाही, पोलीस नाही, पण मिठागरातला त्याचा वाटा आता तिचा, असा रीतसर कागद तिने करून घेतला. तो स्वतः वाचला, मास्तरांकडून वाचून घेतला, आणि मग दुसऱ्या एका वकिलाकडून. घड्याळ आणि बूट विकले, ते पैसे हेडमास्तर, पोस्टमास्तर, बेलिफ आणि त्या दोन दुकानदारांच्या घरी वाटले. त्यांना लोभ स्वतःचा होता, तेव्हा रुपयाला आणा मिळाला तेवढा पुष्कळ, असं सेसिलियाचं मत. पण शिपाई, ऑस्वल्ड आणि दामाजी या तिघांनी मास्तरांच्या तोंडाकडे पाहून पैसे दिले होते. ते पुरते फेडायचे, असं तिने ठरवलं. मास्तरांनी खुर्ची विकली, सकाळच्या शिकवण्या धरल्या. युजीन बहिणीच्या मिठागरात चार आणे रोजावर मिठाच्या पाट्या वाहू लागला. पहिल्या महिन्यात त्याच्या पायांना भेगा पडल्या. दुसऱ्या महिन्यापासून तो मिठाच्या भावावर मतं देऊ लागला.

नोव्हेंबरात कंपनीच्या उरल्यासुरल्या मालाचा ठाण्यात लिलाव झाला. माल म्हणजे एक टेबल, दोन दुर्बिणी आणि खाडीतले एकशेऐंशी खुंट. खुंटांना दुसरं गिऱ्हाईकच नव्हतं, कारण ते उपटून आणणार कोण. दगडाबाईने नऊ रुपयांना मागितले. लिलाववाला म्हणाला, सागवान आहे बाई, याचे शंभर येतील. दगडाबाई म्हणाली, मग पाण्यात जाऊन आण. ती तिथून हलली नाही, भरती चढत गेली, आणि शेवटी साडेअकरा रुपयांना सौदा पटला.

शिपायाचे पन्नास रुपये सहासष्टच्या मेमध्ये फिटले, ऑस्वल्डचे त्याच वर्षीच्या नाताळाला. दामाजीचे राहिले होते ते सदुसष्टच्या होळीला पुरे झाले. मास्तर स्वतः चेंदणीला गेले, रुमालात बांधलेले पन्नास रुपये घेऊन. या दिवसाची त्यांनी दीड वर्ष वाट पाहिली होती. वाटेत त्यांनी काय बोलायचं ते ठरवलंही होतं, विश्वास, पत, वगैरे.

दामाजी जाळं विणत बसला होता. त्याने रुमाल सोडला, पाट्याचा दगड पुढे ओढला आणि एकेक रुपया वाजवायला लागला. मास्तर उभेच राहिले. पाहुण्याला बसा म्हणायचंही दामाजीच्या लक्षात आलं नाही. एकोणपन्नास रुपये छान खणखणले. पन्नासावा नुसता टप्पकन पडला. दामाजीने तो उचलला, दाताखाली धरला, उन्हात फिरवला आणि मास्तरांच्या हातात परत दिला.

"ह्यो नाय वाजत, मास्तर. बदलून आना."

मास्तरांनी ठरवलेलं भाषण तसंच तोंडात राहिलं. ते रुपया घेऊन उन्हातून घरी आले. सेसिलियाने खोटा रुपया पाहिला, काहीतरी पुटपुटली, आणि तांदळाखालचा डबा काढून दुसरा दिला. तोही दामाजीने आधी दगडावर आपटला, मग कनवटीला लावला, आणि मास्तरांना म्हणाला, आता बसा, च्या घ्या.

चहा मास्तरांनी घेतला नाही, कारण शिकवणीला उशीर होत होता.